पाठमोरी

१

शहाण्णव साली बारामतीत कॉम्प्युटर शिकवणारे क्लास बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातला एक ऋषिराज सरांचा, भिगवण रोडला, खता-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मी तिथं शिकवायचे. सकाळच्या एसटीनं शेळगावहून निघायचं, अंथुर्णे, जंक्शन, सणसर करत बारामती गाठायची, चपला दाराबाहेर काढायच्या आणि मशीनवरची कापडी कव्हरं घडी करून कपाटात ठेवायची. सकाळच्या बॅच दुपारी संपत. सर जेवायला घरी जात. संध्याकाळची पोरं यायला बराच अवकाश असे. तो मधला सगळा वेळ माझा.

खोली लांबट होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेबलं लावलेली आणि शेवटचं टेबल दारासमोरच्या भिंतीला टेकवलेलं. तिथं बसलं की तोंड भिंतीकडं आणि पाठ अख्ख्या खोलीकडं. सगळ्यात नवं मशीन तेच, म्हणून मी तिथं बसायचे.

मला खरं तर चित्रकला शिकायची होती. शाळेत दोन्ही ग्रेड परीक्षांना अ श्रेणी मिळाली होती. पण वडील म्हणाले, "कांप्युटर शिक मुक्ता. चित्रं काय, तू घरी बी काढशील." ते तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन आलेले, नंतर कॅनॉलचं पाणी आल्यावर उसात स्थिरावलेले. पोरीला पंख्याखाली बसून काम मिळावं एवढंच त्यांच्या मनात होतं. मी शिकले. घरी चित्रं काही काढली नाहीत.

मग सरांच्या पुण्याच्या मित्राकडून एक फ्लॉपी आली. त्यात फ्रॅक्टलचा प्रोग्राम होता. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा एक आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्यात तोच आकडा मिळवायचा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग. उत्तर हाताबाहेर जायला किती वेळ लागतो त्यावरून त्या ठिपक्याचा रंग ठरायचा. गणित एका ओळीचं. पण पडद्यावर वरून खाली एकेक रेघ उमटत जाई आणि त्यातून किनारे, वेलांट्या, पिसारे तयार होत. फ्लॉवरच्या गड्ड्याचा तुरा मोडला तर तो लहान गड्डाच असतो, त्याचा तुरा मोडला तर आणखी लहान. तसं ते चित्र. कुठलाही कोपरा मोठा करा, आत पुन्हा सगळं हजर.

सर दोन दिवसांत कंटाळले. मी नाही. कुठल्या कोपऱ्यात शिरायचं, कुठं थांबायचं, कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा, हे सगळं माझ्या हातात होतं. उन्हाळ्यातल्या माळाचा पिवळा, ज्वारीच्या कडब्याचा, शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीचा हिरवट काळा असे रंग मी त्या मशीनला शिकवले. कितीतरी वर्षांनी मला माझा हात सापडला होता, फक्त तो माउसवर होता.

२

या चित्राचा एक नियम होता. मधोमध आडवी रेघ धरली तर वरचं अंग आणि खालचं अंग हुबेहूब सारखं. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखं. गणितच तसं आहे, त्यात दुसरं काही होऊच शकत नाही.

म्हणून तो डाग माझ्या नजरेत आला. डावीकडं, रेघेच्या वर, दोन पिसाऱ्यांच्या मधे. तिळाएवढा. खाली त्याच जागी काहीच नव्हतं.

मी ओढणीनं काच पुसली. डाग तसाच. चित्र थोडं सरकवलं तर डागही चित्राबरोबर सरकला, म्हणजे काचेवर नव्हता. मग शेजारच्या मशीनवर तेच चित्र काढलं. तिथंही तो होता.

सर आल्यावर त्यांना दाखवलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"आकडे कापताना होतं असं," ते म्हणाले. "मशीन दशांशानंतर किती अंक धरणार? कुठंतरी सोडून देतं. त्याचा कचरा."

"मग खाली का नाही झाला? खालीही तेच आकडे आहेत."

"असेल काहीतरी," सर म्हणाले आणि हजेरी घ्यायला गेले.

त्यांचं म्हणणं मला पटलं. पटण्यासारखंच होतं. पण कचऱ्यात मला काही दिसायला नको होतं, आणि मला दिसत होतं.

३

मी त्या डागात शिरले. एकेक पायरी आत जायचं म्हणजे मशीनला खूप वेळ लागे. दुपारभर रेघा उतरत राहत आणि मी हनुवटीखाली हात घेऊन बसून राही.

आत गेल्यावर पिसारे विरळ झाले. मग मला एक सरळ कड दिसली. या चित्रांत सरळ रेघ कधीच नसते. किती आत जा, सगळं वळणारंच. ही मात्र फूटपट्टी लावून ओढल्यासारखी उभी होती. तिच्या शेजारी दुसरी. दोन्हींच्या मधे उजेड होता आणि त्या उजेडासमोर काहीतरी गडद, वर गोल आणि खाली रुंद होत गेलेलं. खिडकीत ठेवलेल्या मडक्यासारखं.

मी त्याला रंग दिले. कडेचे पिसारे कडब्याच्या रंगाचे ठेवले, मधला उजेड निळसर, आणि तो आकार सारवलेल्या जमिनीच्या रंगाचा. एवढं सुंदर चित्र त्याआधी माझ्या हातून झालं नव्हतं. त्या दिवशी एसटीत उभी राहून आले तरी पाय दुखले नाहीत.

त्या काळी पडद्यावरचं चित्र कागदावर आणायचं म्हणजे पडद्याचाच फोटो काढावा लागे. बाजारातले फोटोवाले दादासाहेब कॅमेरा आणि तिपाई घेऊन आले. खिडकीला काळं कापड लावलं, पंखा बंद केला. कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं होतं, म्हणून आम्ही दोघं भिंतीला टेकून श्वास धरून उभे होतो.

तेव्हा मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मशीनची घरघर चालूच होती. तिच्याखाली आणखी एक होता, बारीक, कोरडा. कागदावर पेन्सिल चालावी तसा. थोडा चाले, थांबे, पुन्हा चाले.

"तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज आहे का?" मी विचारलं.

"कॅमेऱ्याला कसला आवाज, ताई," दादासाहेब म्हणाले. "उंदीर असतील. खाली बियाणं आहे ना."

ते मला पटलं. उंदीर होतेच तिथं.

४

फोटो पुण्याहून मोठा करून आला. मी तो पुठ्ठ्यात बांधून घरी नेला. वडील अंगणात बाजेवर बसले होते आणि आई, चंद्राबाई, दाराशी शेंगा फोडत होती. मी चित्र ओसरीच्या भिंतीला टेकवून उभं केलं आणि मागं सरकले.

आई म्हणाली, "रंग ग्वाड हायेत." तिला त्यात पिसं दिसली, मोराची.

वडील चित्राकडं बघत उठले, दोन पावलं मागं गेले, डोळ्यांवर हात धरला. माळावर लांब काही ओळखायचं असलं की ते असेच उभे राहत.

"ही तू हायस," ते म्हणाले.

"कोण?"

"ही. हितं. पाठमोरी बसलीयस की. ही येणी, ह्यो खांदा. डावा खांदा तू जरा पाडूनच बसती, ल्हानपणापसनं." त्यांनी बोटानं हवेत रेघ काढली. "म्होरं तुजा कांप्युटर."

मी बघितलं. मडकं नव्हतं ते. गोल होतं ते डोकं, रुंद होत गेलेले खांदे, आणि मधोमध उतरलेली वेणी. समोरचा निळसर उजेड म्हणजे पडदा. एकदा दिसल्यावर ते पुन्हा मडकं होईना.

"लई भारी काडलंयस," वडील म्हणाले. माझ्या चित्राकडं ते असं कधी बघत बसले नव्हते. "पण येक सांग. तुजी पाठ तुला दिसली कशी?"

आई हसली. मीही हसले. वडिलांना म्हटलं, "दादा, हे गणित आहे. ढगात नाही का आपल्याला हत्ती दिसत?"

"व्हय," ते म्हणाले. "पन हत्ती कुनाचा हाय ते न्हाय ना कळत. हितं कळतंय."

५

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला बजावून क्लासला गेले. माणसाचा डोळा कुठंही माणूस शोधतो. उशीच्या अभ्र्यावर, भिंतीच्या ओलीत. यात नवल काही नाही. आपण तेच आकडे घालून चित्र नव्यानं काढू, शांतपणे बघू आणि विषय संपवू.

सकाळची बॅच गेली. सर गेले. मी दाराला कडी घातली, तीही स्वतःला समजावत की वाऱ्यानं दार आपटतं म्हणून. मग आकडे घातले आणि बसले.

रेघा उतरायला लागल्या. पिसारे या वेळी कमी होते, जवळपास कडेलाच गेलेले. मधे ती पाठ. आधीपेक्षा मोठी.

मी आकडे ताडून पाहिले. शेवटच्या अंकापर्यंत तेच. मी एक पाऊलही आत गेले नव्हते.

रंग अजून मशीनचेच होते, भडक, पण आकार स्पष्ट होता. खांदे, टेबलाची कड. भिंतीवरचा बटणांचा बोर्डसुद्धा. आणि मान. मान उघडी होती. त्या सकाळी उकाडा फार होता, म्हणून एसटीतून उतरल्यावर मी वेणीचा अंबाडा घालून टाकला होता. फोटोतल्या मुलीला वेणी होती. हिला अंबाडा होता.

मी हात उचलून अंबाडा चाचपला. पिना जागच्या जागी होत्या.

मग माझं डोकं आपोआप हिशेब करायला लागलं. चित्रकलेच्या तासाला हेच शिकवलेलं असतं: चित्र बघून सांगा, काढणारा कुठं उभा होता. फोटोतल्या चित्रात पाठ लहान होती, म्हणजे तो दाराजवळ असणार. आज पाठ मोठी होती. आज तो दारापासून दुसऱ्या टेबलाशी होता.

पेन्सिल चालत होती. उंदीर, मी मनात म्हटलं. मी कान दिला तसा आवाज थांबला. जिचं चित्र काढतोय ती हलली की काढणारा थांबतो, तसा.

मी मागं बघितलं. खोली रिकामी होती. टेबलं, बंद मशीनं, कडी लावलेलं दार. उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता. दुसऱ्या टेबलाजवळची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली होती. पोरं कधीच खुर्च्या आत सारत नाहीत.

६

बारामतीत त्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. मी फोटो घेऊन गेले. दारातच नोंदणी करणाऱ्या गृहस्थांनी तो हातात घेतला आणि परत दिला.

"हे चित्र नाही, ताई. हे मशीननं केलंय. बटण काय, कुणीही दाबेल."

"मग दाबा," मी म्हणाले. "मशीन भिगवण रोडला आहे, चला माझ्याबरोबर. चित्राच्या आत कोट्यवधी जागा आहेत. कुठं थांबायचं ते तुम्हाला कळलं, तर मी माझं चित्र घरी नेते."

मी असं कुणाशी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. वडील मागं उभे होते. नवा पटका बांधून आले होते. त्यांनी घसा खाकरला, पण मधे पडले नाहीत.

गडबड ऐकून परीक्षक बाई आल्या. पुण्याच्या वयस्कर चित्रकार, सुती साडी, जाड चष्मा. त्यांनी चित्र घेतलं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि किती तरी वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"या कडेच्या नक्षीला मी चित्र म्हणणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "सुंदर आहे, पण ती गणिताची आहे. रंग तुझे आहेत, ते चांगले आहेत. पण हे मधलं." त्यांनी त्या पाठीवर बोट न टेकवता हात फिरवला. "इथं हात आहे. या खांद्याची रेघ बघ. ही मोजून येत नाही. ज्यानं ही काढली, तो या मुलीकडं खूप दिवस बघत बसला असणार. त्याचा तिच्यावर जीव आहे."

माझा हात मानेकडं गेला.

"ते मी घातलेलं नाही," मी म्हणाले. "ते तिथंच होतं. मी फक्त शोधलं."

बाई हसल्या. "चांगले चित्रकार असंच म्हणतात." आणि त्या गृहस्थांकडं वळून म्हणाल्या, "लावा हे. मधल्या भिंतीवर."

पहिलं बक्षीस त्याला मिळालं. शाल, श्रीफळ. वडिलांनी हॉलमधल्या अनोळखी माणसांनाही हाताला धरून चित्रासमोर नेलं. "आमच्या मुक्तीनं काडलंय. कांप्युटरवर. बगा." शेळगावात ग्रामपंचायतीनं सत्कार केला. सरांनी क्लासच्या पाटीवर माझं नाव रंगवून घेतलं, 'चित्रकार मुक्ता' असं. मी रोज त्या पाटीखालून जायचे आणि रोज माझी मान थोडी ताठ व्हायची. खोटं का सांगू? त्या दिवसांत मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि त्यातलं जास्त काय होतं ते मला ठाऊक आहे.

७

मी त्या आकड्यांकडं परत जायचं नाही असं ठरवलं. दुसरी गणितं घेतली, दुसरे कोपरे. भोवरे, फांद्या, समुद्रघोड्यांसारखे आकार. कोपऱ्यात शिरण्याआधी प्रत्येक अख्खं चित्र मनात मधोमध दुमडून बघायचे. वरचं खालच्यासारखं, एका ठिपक्याचाही फरक नाही. खोलीत फक्त पंखा आणि मशीन. बाकी काही वाजत नव्हतं. दुपारी मी दार सताड उघडं ठेवायचे आणि मागं कुणी नसायचं. पाठ इतकी मोकळी वाटायची की मला गार लागायचं.

त्या बाईंचं पत्र आलं. मुंबईला मोठं प्रदर्शन होतं, तिथं कॉम्प्युटरवरची चित्रं पहिल्यांदाच घेणार होते, आणि त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. मी नव्या चित्रांचे फोटो पाठवले. उत्तर लगेच आलं. नक्षी छान आहे, त्यांनी लिहिलं होतं, पण यात तुझा हात कुठं आहे?

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. आईनं विचारलं, बरं नाही का. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. काम करनाऱ्या मानसाचं आसं हुतंच."

तिसऱ्या दिवशी सकाळची बॅच सोडली. सर जेवायला गेले. मी शेवटच्या टेबलाशी बसले आणि जुने आकडे घातले.

पहिल्या रेघा उतरल्या. पिसारे कुठंच नव्हते. कडब्याचा रंग नाही, भिंत नाही, टेबल नाही. सगळा पडदा केसांनी भरलेला. गडद, एकेक केस सुटा दिसावा असा. मग भांगाच्या मागची जागा आली, मग अंबाड्याची सुरुवात, मग त्यात सकाळी घाईत खोचलेली पिन, तिरकी. इतक्या जवळून फक्त आईनं बघितलं असेल मला, वेणी घालताना.

पेन्सिल चालत होती. आता मला दिशा शोधायची गरज नव्हती. कानाच्या अगदी मागं, उजवीकडं.

रेघा उतरत राहिल्या. कानाची पाळी. मानेवरचे बारीक केस. आणि चित्राच्या उजव्या कडेनं काहीतरी आत यायला लागलं जे माझं नव्हतं. आधी एक टोक. मग त्या टोकावर वाकलेलं बोट, मग त्याच्यामागं दुसरं. काम करणाऱ्याचा स्वतःचा हात कधीकधी असा त्याच्याच नजरेच्या मधे येतो. बोटं लांब होती. किती सांधे होते ते मी मोजले नाहीत. पुढच्या रेघा यायच्या होत्या.

मला उठता आलं असतं. दार उघडं होतं, जिना होता, खाली दुकानात माणसं होती, त्यांचं बोलणं वर येत होतं. पण मला आठवलं, शाळेत आम्ही एकमेकींना समोर बसवून चित्रं काढायचो तेव्हा बसणारीनं एकच गोष्ट करायची असे. हलायचं नाही. ती हलली की काढणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते.

मी ओढणी सारखी केली. डावा खांदा पडला होता, तो वर घेतला. पाठ ताठ केली.

आवाज थांबला होता. माझ्या स्थिर होण्याची वाट बघत असल्यासारखा.

"सावकाश काढा," मी म्हणाले. "बॅचला अजून वेळ आहे."